पाण्यातला चष्मा

"चष्मो काढून ठेवा, सायबानु."

तारकर्लीच्या समुद्रात होडी डुलत होती, अंगात घट्ट सूट अडकवला होता, पाठीवर टाकी चढायची बाकी होती. मी विचारलं, "मग मासे दिसतले कशे?" त्यावर तो पोरगा निर्धास्तपणे म्हणाला, "दिसतले, दिसतले! पाण्यात सगळा मोठा दिसता."

माझा नंबर उणे पाच. चष्मा काढला की मला माझ्याच हातावरचं घड्याळ नाकाजवळ आणावं लागतं. पाच-सहा मीटर खाली गेलो. निळंहिरवं काहीतरी होतं, त्यात पिवळसर काहीतरी हललं. शेजारी बायको आनंदाने बोटं दाखवत होती. मीही अंगठा-तर्जनी जुळवून 'ओके' दाखवत होतो, न जाणो तिला वाटायचं की मला काही झालंय. वर आल्यावर तिने विचारलं, "ते पट्टेवाले मासे बघितलेस?" मी म्हटलं, "हो, मस्त होते." लग्नाला सतरा वर्षं झाली आहेत, एवढं खोटं चालतं.

पण गंमत अशी की तो पोरगा चूक नव्हता. पाण्यात खरंच सगळं मोठं दिसतं. मग मला का दिसलं नाही? घरी आल्यावर दोन शनिवार-रविवार ह्यात घातले, आणि लक्षात आलं की हा प्रश्न माझा एकट्याचा नाही. माणूस पाण्यात डोळे उघडायला लागल्यापासूनचा आहे, आणि त्याच्या मागे लागलेल्या माणसांची यादी भलतीच रंगीत आहे.

आधी थोडं भौतिकशास्त्र, बारावीचंच. आपल्या डोळ्याची प्रकाश वळवण्याची ताकद सुमारे ६० डायॉप्टर. सगळ्यांना वाटतं की हे काम आतलं भिंग करतं. प्रत्यक्षात त्यातले सुमारे ४३ डायॉप्टर एकटा कॉर्निया, म्हणजे डोळ्याच्या पुढचा पारदर्शक घुमट, सांभाळतो. आणि ते त्याला जमतं कारण त्याच्या समोर हवा असते. हवेचा अपवर्तनांक १, कॉर्नियाचा सुमारे १.३७६. ह्या दोघांतला फरक मोठा, म्हणून किरण जोरात वळतात. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३. म्हणजे पाण्यात डोळा उघडला की कॉर्निया जवळजवळ पाण्यात विरघळून जातो, आहे की नाही हेच प्रकाशाला कळत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डोळ्याच्या डिझाइनमध्ये 'समोर हवा असणार' हे हार्डकोड केलेलं आहे. माशांनी तसं केलं नाही. त्यांचं भिंग गोटीसारखं गोल असतं आणि सगळं काम तेच करतं.

त्यामुळे उघड्या डोळ्याने पाण्यात शिरलेला प्रत्येक माणूस एका झटक्यात अधिक चाळीसच्या आसपासचा चष्मेवाला होतो. उणे पाचवाल्याचे अडतीस, चांगल्या नजरेवाल्याचे त्रेचाळीस. तिथे सगळेच आंधळे. मला ही समता फार आवडली.

ही गोष्ट प्रयोगाने स्वतःच्या डोळ्यावर वापरून बघणारा माणूस म्हणजे थॉमस यंग. हाच तो प्रकाश ही लहर आहे असं दाखवणारा, आणि इजिप्तच्या चित्रलिपीतही डोकं घालणारा. १८०० साली यंग सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याला एक वाद मिटवायचा होता. जवळचं आणि दूरचं बघताना डोळ्यात नेमकं काय बदलतं, कॉर्नियाचा बाक की आतलं भिंग? यंगने एका छोट्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग काढलं, ते खोबणीत बसवलं, खोबणीत गार पाणी भरलं आणि ती खोबण डोळ्यावर अशी लावली की कॉर्निया थेट पाण्यात बुडेल. कॉर्निया रद्द! त्याची भरपाई त्या भिंगाने आणि आणखी एका भिंगाने केली. तरीही त्याला जवळचं-लांबचं फोकस बदलता येत होतं. म्हणजे हे काम कॉर्नियाचं नाही, आतल्या भिंगाचं. हा निबंध १८०१ मध्ये रॉयल सोसायटीने छापला.

त्याच निबंधात आणखी एक शोध आहे. यंगला स्वतःच्या डोळ्यात उभ्या आणि आडव्या दिशांचा फोकस वेगवेगळा असल्याचं आढळलं. आपण आज ज्याला 'सिलिंड्रिकल नंबर' म्हणतो तो हा दोष, आणि त्याचं हे पहिलं नीट वर्णन. कॉर्निया पाण्यात बुडवल्यावरही दोष तसाच राहिला, म्हणून यंगने निष्कर्ष काढला की माझ्या बाबतीत गडबड आतल्या भिंगात आहे. बहुतेकांच्या बाबतीत ती कॉर्नियात असते. डीबगिंगचा इतका स्वच्छ नमुना मी कामावर क्वचित बघितला आहे: एक मॉड्यूल बंद करा, बग राहिला का बघा.

आता ह्या खोबणीकडे पुन्हा एकदा बघा. डोळा, त्यावर पाणी, त्यावर काच. हा तर कॉन्टॅक्ट लेन्सचा आराखडा! एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन हर्शेलने वेड्यावाकड्या कॉर्नियावर काचेची वाटी आणि मध्ये पारदर्शक जेली, अशी कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात आणली झ्युरिकच्या अडॉल्फ फिक ह्या डॉक्टरने, १८८८ मध्ये. त्याने काचेच्या वाट्या करवून घेतल्या, आधी सशांना लावल्या, मग स्वतःला, मग रुग्णांना. काच आणि डोळा ह्यांच्या मधली जागा तो द्राक्षशर्करेच्या पाण्याने भरायचा. माणसाला त्या जेमतेम दोन तास सहन व्हायच्या.

म्हणजे बघा, इथे दोन उलट्या वाटा फुटतात. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी डोळ्यापुढे पाणी आणलं, कॉर्नियाचे दोष झाकायला. पाणबुड्यांना डोळ्यापुढे हवा आणायची होती, कॉर्नियाची ताकद परत मिळवायला. ह्या दोन वाटा पुढे एकमेकींना भेटल्या, आणि भेटल्यावर भांडण झालं. ते येईलच.

हवेची वाट सोपी वाटते. डोळ्यापुढे काच लावा, आत हवा कोंडा, झालं. १८३० च्या दशकात ऑगस्टस सीबने केलेल्या तांब्याच्या शिरस्त्राणाला गोल खिडक्या होत्या, आत हवाच हवा. त्यात चष्मा घालून उतरता येत होतं, पण तो घसरला किंवा वाफेने धुरकटला तर हात आत नेणार कसा? आणि मोत्यांसाठी, शंख-शिंपल्यांसाठी श्वास रोखून बुडणाऱ्या गरीब माणसाला कसलं आलंय शिरस्त्राण. जपानमधल्या 'आमा', म्हणजे समुद्रतळावरून शिंपले गोळा करणाऱ्या बायका, शतकानुशतकं उघड्या डोळ्यांनी काम करत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी त्यांच्यात काचेचे गॉगल आले.

आणि गॉगलबरोबर नवी अडचण आली. दहा मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि कोंडलेली हवा निम्मी होऊ बघते. गॉगल काही आक्रसत नाही, मग आक्रसून भरून काढतो तो डोळा! निर्वाताने ओढल्यासारखा होतो, पांढऱ्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि माणूस लाल डोळे घेऊन वर येतो. आमांच्या काही गॉगलांना म्हणूनच बाजूला हवेच्या छोट्या पिशव्या जोडलेल्या असत. पाण्याने पिशवी दाबली की त्यातली हवा गॉगलमध्ये. कुठल्याही प्रयोगशाळेशिवाय बॉइलचा नियम वापरात!

युरोपात हीच गोष्ट श्रीमंतांच्या खेळातून पुढे गेली. फ्रान्सच्या रिव्हिएरावर गाय गिलपॅट्रिक नावाचा अमेरिकन लेखक राहत होता, पूर्वाश्रमीचा वैमानिक. त्याने आपल्या जुन्या उडण्याच्या गॉगलच्या फटी लांबीने बुजवल्या, वरून रंग फासला आणि भाला घेऊन माशांच्या मागे लागला. १९३८ मध्ये त्याने त्यावर पुस्तकही लिहिलं. तिकडे तुलोंजवळच्या ल मुरियों इथल्या किनाऱ्यावर १९३६ मध्ये झाक-ईव कुस्तो नावाच्या नौदल अधिकाऱ्याने फर्नेझ कंपनीचा गॉगल लावून पाण्यात तोंड घातलं. मोटार अपघातात त्याचे हात जायबंदी झाले होते, वैमानिक व्हायचं राहून गेलं होतं, हातांत बळ यावं म्हणून पोहणं चालू होतं. डोकं पाण्याखाली नेलं तर नवंच जग, वर काढलं तर ट्रॅम आणि विजेचे खांब. आयुष्य तिथे बदललं असं त्याने पुढे लिहून ठेवलं.

दोन काचांच्या गॉगलमध्ये आणखी एक खोट होती. दोन्ही काचा तंतोतंत एका पातळीत नसतील तर दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतात, एका माशाचे दोन मासे. मासेमारीच्या गप्पांसाठी उत्तम, भाल्यासाठी वाईट. उपाय निघाला तो एकच सपाट काच आणि तिच्यामागे डोळ्यांबरोबर नाकही. हे नाक आत घेणं ही खरी कल्पकता. नाकातून हळूच फुंकर मारली की मास्कमधला दाब बाहेरच्या दाबाइतका होतो, डोळे सुटतात. १९४३ मध्ये कुस्तो आणि एमील गान्यां ह्यांनी ॲक्वालंग तयार केलं, तेव्हा हा मास्क तयारच होता. खोल जायची सोय झाली आणि बघायचीही.

सपाट काचेची किंमत एवढीच की वस्तू खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर दिसतात आणि त्यामुळे एक तृतीयांशाने मोठ्या. तारकर्लीच्या पोराचं म्हणणं बरोबर होतं ते असं. उणे एक-दीड नंबरवाल्याचं ह्या सवलतीवर भागून जातं. माझ्या हिशोबाने मला साधारण पंचवीस सेंटिमीटरपर्यंतचे मासे स्पष्ट दिसायला हवे होते. कुठलाही शहाणा मासा इतका जवळ येत नाही.

म्हणजे मास्कने काय केलं, तर चांगल्या नजरेवाल्याला त्याची नजर परत दिली, आणि आम्हा चष्मिष्टांना आमचा नंबर परत दिला. समता संपली.

मग सुरू झाले जुगाड. चष्म्याच्या काड्या कापून टाकायच्या आणि पुढची फ्रेम मास्कच्या आत कशीतरी अडकवायची. काड्या असलेला चष्मा मास्कखाली चालत नाही, कारण काडी जिथून जाते तिथून पाणी शिरतं. पुढे शिस्तीचा मार्ग आला: मास्कच्या काचेला आतल्या बाजूने नंबरची भिंगं चिकटवायची. भिंगाची पाण्याकडची बाजू सपाट, सगळा बाक आतल्या हवेच्या बाजूला. ही सपाट बाजू महत्त्वाची. बाहेरच्या बाजूला बाक असता तर पाण्यात गेल्यावर त्याची ताकद बदलली असती. सपाट ठेवलं की होडीत बसून जो नंबर तोच खाली. नंतर दोन काचांचे मास्क आले, ज्यांची मूळ काच काढून अर्ध्या अर्ध्या डायॉप्टरच्या टप्प्याने मिळणारी तयार काच बसवता येते. तयार काचेत सिलिंड्रिकल सहसा नसतो, म्हणून त्याचा निम्मा मूळ नंबरात मिळवून भागवतात. पोटापुरतं चालतं.

आणि आता ते भांडण. १९४८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या केव्हिन टूही ह्याने फक्त कॉर्नियापुरती प्लास्टिकची छोटी, कडक लेन्स केली आणि कॉन्टॅक्ट लेन्स सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पाणबुड्यांनीही ती घालायला सुरुवात केली. का नाही घालणार? मास्क साधाच, लेन्स डोळ्यात. पण वर आल्यावर काहींचे डोळे चुरचुरायचे, दिव्यांभोवती वलयं दिसायची, धुरकट वाटायचं. सायमन आणि ब्रॅडली ह्या अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी दाबाच्या कोठडीत लोकांना बसवून ४५ मीटर खोलीइतका दाब दिला, मग हळूहळू कमी केला आणि डोळ्यांकडे बघत राहिले. त्यांचे निष्कर्ष १९७८ आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. दाब उतरताना कडक लेन्सखाली बुडबुडे तयार होत होते! खोलवर असताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. वर येताना तो बाहेर पडायला बघतो, अश्रूंच्या थरातूनही. हवा आत-बाहेर न सोडणाऱ्या प्लास्टिकच्या झाकणाखाली त्याला वाट मिळत नाही, मग तो तिथेच बुडबुडा होऊन कॉर्नियाला खुपतो. सोड्याच्या बाटलीचं बूच डोळ्यावर बसवल्यासारखं.

त्याच प्रयोगात लेन्सच्या मध्यभागी ०.४ मिलिमीटरचं भोक पाडलं तेव्हा बुडबुडे झाले नाहीत. आणि मऊ लेन्सखालीही झाले नाहीत.

मऊ लेन्सची जन्मकथा तर प्रत्येक इंजिनियरने एकदा वाचावी. चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्तर्ले ह्या रसायनशास्त्रज्ञाने ड्राहोस्लाव्ह लीम ह्या सहकाऱ्याबरोबर पाणी धरून ठेवणारं मऊ प्लास्टिक तयार केलं होतं, पण त्याच्या लेन्स काही नीट बनेनात. सरकारी पाठिंबा आटला. १९६१ च्या नाताळात विख्तर्लेने घरच्या टेबलावर मुलांचा 'मेर्कुर' मांडला (आपल्याकडच्या मेकॅनोचा भाऊ), त्याला सायकलचा डायनॅमो जोडला, आणि फिरत्या साच्यात द्रव टाकून लेन्स बनवल्या. पहिल्या काही लेन्स निघाल्या आणि चक्क डोळ्यात बसल्या. पुढे पेटंटचे हक्क अमेरिकेत विकले गेले, १९७१ मध्ये बॉश अँड लॉम्बच्या लेन्सला तिथे परवानगी मिळाली आणि जगभर धंदा उभा राहिला. विख्तर्लेच्या वाट्याला त्यातलं फारसं काही आलं नाही. असो.

ही लेन्स वायूला वाट देते म्हणून आज बहुतेक चष्मेवाले पाणबुडे मऊ लेन्सच घालतात, शक्यतो एकदा वापरून फेकायची. फेकायची अशासाठी की पाण्यात अकँथअमीबा नावाचा जीव असतो, तो लेन्सवर बसून आला आणि कॉर्नियात घुसला तर नजर जाऊ शकते. मास्कमध्ये पाणी शिरणं तर ठरलेलंच. ते काढायला शिकणं हाच पहिला धडा असतो, आणि त्या वेळी डोळे मिटून घेतले नाहीत तर लेन्स समुद्रार्पण.

"मग लेसर कर की," असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. इथेही इतिहास सांभाळून वाचावा लागतो. १९७० च्या दशकात मॉस्कोच्या स्व्यातोस्लाव फ्योदोरोव ह्यांनी कॉर्नियावर चाकाच्या आऱ्यांसारखे काप घेऊन नंबर घालवायची शस्त्रक्रिया लोकप्रिय केली. ते काप पूर्ववत मजबूत कधीच होत नाहीत. मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर बेक वेदर्स ह्या टेक्ससच्या डॉक्टरला, ज्याने ही शस्त्रक्रिया करून घेतली होती, विरळ हवेत दिसेनासं झालं, तो मागे थांबला, वादळात सापडला आणि मरता मरता वाचला. त्याच्या बाबतीत कारण प्राणवायूची कमतरता होतं. पाणबुड्यांच्या बाबतीत डॉक्टरांना वेगळी भीती होती: मास्कमधला दाब सांभाळायला चुकलं, डोळा ओढला गेला आणि काप उसवले तर? फ्रँक बटलर ह्या अमेरिकी नौदलातल्या नेत्रतज्ज्ञाने १९९५ मध्ये हा सगळा विषय एकत्र मांडला. आजही डॉक्टर त्या लेखाचा आधार घेतात. लेसरमध्ये असे खोल काप नसतात, त्यामुळे डोळा भरून आल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने डायव्हिंग करता येतं. मात्र पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडलेला असेल तर तो विरेपर्यंत पाण्याखाली जायचं नावही काढायचं नाही. बॉइलचा नियम डोळ्याच्या आत नको.

एका उपायावर मात्र माझा जीव जडला. २००० नंतरच्या दशकात हायड्रोऑप्टिक्स नावाच्या मास्कमध्ये सपाट काचेऐवजी दोन डोळ्यांपुढे दोन घुमट होते. घुमटातून मोठेपणाचा भास जातो आणि बाजूचंही भरपूर दिसतं. पण पाण्यात असा घुमट सगळं चित्र अगदी जवळ आणून ठेवतो. म्हणजे तो मास्क नैसर्गिकरीत्या कोणाला बसायचा? साधारण उणे साडेचार नंबरवाल्याला! ज्यांची नजर उत्तम त्यांना तो वापरायचा तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून स्वतःला लघुदृष्टी करून घ्यावी लागे. आयुष्यात प्रथमच आपण डिफॉल्ट आणि बाकीचे एक्सेप्शन. साहजिकच तो फार चालला नाही.

आणि हे सगळं विकत घ्यायच्या आधी एकदा मोकेन मुलांकडे बघायला हवं. अंदमान समुद्रात, थायलंडच्या सुरिन बेटांवर राहणारे हे दर्यावर्दी लोक. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या ॲना गिस्लेन ह्यांनी त्यांच्या मुलांची पाण्याखालची नजर तपासली आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले: युरोपियन मुलांच्या दुपटीहून चांगली, उघड्या डोळ्यांनी. डोळे वेगळे नाहीत, वापर वेगळा. ही मुलं पाण्याखाली बाहुली १.९६ मिलिमीटरपर्यंत आवळतात (युरोपियन मुलांची २.५ वर थांबली) आणि भिंग जोर लावून फुगवतात. बाहुली लहान की चित्र रेखीव, आपण चष्मा सापडेना की डोळे किलकिले करतो तसंच. पुढच्या अभ्यासात स्वीडिश मुलांनाही महिनाभराच्या सरावाने हे जमलं. मुलांना जमलं, कारण त्यांचं भिंग लवचिक असतं.

माझं वय त्रेचाळीस. त्या भिंगाची लवचिकता आता वर्षागणिक कमी होतेय, आणि आपल्या भाषेने ह्या दोषाला थेट वयाचंच नाव देऊन टाकलंय: चाळिशी. डायव्हिंगमध्ये ती भलत्या ठिकाणी आडवी येते. दूरचा मासा स्पष्ट, पण मनगटावरची खोली आणि टाकीत उरलेली हवा वाचता येत नाही. मासा नाही दिसला तर बायकोशी खोटं बोलता येतं, हवेचा काटा नाही दिसला तर कोणाशी बोलणार? बेंजामिन फ्रँकलिनने दुहेरी भिंगांबद्दल १७८४ च्या पत्रात लिहिलं होतं, तीच युक्ती आता मास्कमध्ये आहे. काचेच्या खालच्या भागात आतून चिकटवायची अर्धचंद्राकार भिंगं मिळतात.

तर मी दोन काचांचा मास्क घेतला आहे, उणे पाचच्या तयार काचा बसवून. गेल्या रविवारी पुण्यातल्या आमच्या टँकवर खोल बाजूला जाऊन तळाच्या फरशा मोजल्या. एक फुटलेली आहे, आणि कोपऱ्यात कोणाची तरी केसांची क्लिप पडली आहे. मनगटावरचं घड्याळ मात्र हात पूर्ण लांब केल्याशिवाय वाचता आलं नाही, म्हणून अर्धचंद्र मागवले आहेत. डिसेंबरच्या कोकणकन्येचं बुकिंग झालं आहे. बायकोला सांगितलंय की ते पट्टेवाले मासे पुन्हा बघायचे आहेत.

"पुन्हा?" म्हणाली.